तीस वर्षं जुन्या अपार्टमेंटची दुरुस्ती: सोलापुरातल्या एका सेक्रेटरीच्या वहीतून

"औंदा दिवाळीच्या आत बिल्डिंगला रंग मारून घेऊ की!" हे वाक्य आमच्या मीटिंगमध्ये मी पंधरा वर्षं ऐकत आलो. त्या काळात दोनदा रंग मारलाही. दोन्ही वेळा दुसऱ्याच पावसाळ्यात डक्टकडच्या (पाइपांच्या उभ्या पोकळीकडच्या) भिंतीवर तीच ओल, त्याच जागी, त्याच आकाराची वर आली. भिंतीच्या आतला पाइप कुजला होता आणि आम्ही वरून ॲपेक्सचा रंग मारत होतो.

आमची इमारत सात रस्त्याच्या बाजूला आहे. तळमजला अधिक तीन मजले, २४ फ्लॅट, लिफ्ट नाही, बांधकाम ऐंशीच्या दशकाच्या शेवटचं. पुण्या-मुंबईत अशा इमारतींपुढे रिडेव्हलपमेंटवाले बिल्डर रांग लावतात. आपल्याकडे फ्लॅटचे भाव आणि प्लॉटचा आकार बघता ते गणित सहसा बसत नाही. आहे तीच इमारत आणखी २५-३० वर्षं नीट चालवायची, हाच बहुतेकांपुढचा मार्ग. मला तो गरिबाचा पर्याय वाटत नाही. उभा सांगाडा पाडून तेवढंच सिमेंट, लोखंड आणि वाळू पुन्हा ओतण्यापेक्षा तो वाचवणं खिशाला आणि गावाच्या पाण्याला दोन्हीला परवडतं. पण कामाचा क्रम चुकला की पैसे पाण्यात जातात, अगदी शब्दशः. म्हणून हे क्रमाने लिहितोय.

आधी दारोदार, मग मीटिंग

नोटीस लावून थेट मीटिंग बोलावली तर चारजण बोलतात, दोघं भांडतात आणि बाकीचे मोबाइल बघतात. आम्ही आधी दोन रविवार घरोघरी गेलो, एका पानाचा फॉर्म घेऊन. गळती कुठे, कोणत्या महिन्यात, भेग कुठे, पाणी किती दिवस पुरतं, घरात जिना न चढू शकणारं कुणी आहे का, महिन्याला जास्तीत जास्त किती रुपये झेपतील. शेवटचा प्रश्न बंद पाकिटात.

फॉर्म घरातल्या बाईकडून भरून घ्या. पुरुष सांगतो, "तसं काही नाही, थोडी ओल आहे." बाई सांगते की सिंकखालचा डबा रोज रात्री भरतो, की वरच्यांनी मशिन लावलं की आपल्या बाथरूमच्या छतातून थेंब पडतो. हा धागा प्लंबरला तासाभराच्या तपासणीतही मिळत नाही. भाडेकरूंनाही विचारा, मत नसलं तरी ओल त्यांच्याच उशाला असते. आमच्याकडे तेलुगू आणि कन्नड बोलणारी घरं बरीच आहेत, म्हणून तळमजल्यावरच्या कॉलेजच्या मुलीने सगळ्या नोटिसा तीन भाषांत लिहिल्या. ज्या आजी आजवर कधी मीटिंगला फिरकल्या नव्हत्या, त्या आल्या आणि टाकीच्या झाकणाचा विषय त्यांनीच काढला.

सहा फ्लॅटचे मालक पुण्यात. पोरं आयटीत, आईवडील त्यांच्याकडे, फ्लॅट भाड्याने. त्यांच्याशिवाय ठराव केला तर पैसे अडकतात. त्यामुळे मीटिंग गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या यात्रेला जोडून घेतली. तेव्हा सगळे गावात असतात. जे आले नाहीत त्यांना व्हिडिओ कॉलवर बसवलं, मात्र सही कागदावरच घेतली.

कागद काढा

पहिला प्रश्न: तुमची इमारत कायद्याने आहे तरी काय? १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेली सोसायटी, १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली घोषणापत्र झालेलं अपार्टमेंट, की नुसती पाटीवरची? पाटीवर 'सोसायटी' आणि कपाटात अपार्टमेंटचं घोषणापत्र, असं खूप दिसतं. फरक पैशात पडतो. अपार्टमेंटमध्ये सामाईक खर्च प्रत्येकाच्या अविभाजित हिश्शाच्या टक्केवारीने वाटला जातो. सोसायटीत आदर्श उपविधींप्रमाणे (सहकार खात्याच्या नमुना नियमांप्रमाणे) दुरुस्ती निधी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठीची राखीव गंगाजळी) किमान ०.२५ टक्के, जमिनीची किंमत वगळून. सिंकिंग फंडाला हात लावायचा तर सर्वसाधारण सभेचा ठराव हवा.

नोंदणीच नसेल तर बँक खातं निघत नाही, अनुदान मिळत नाही आणि एकाने पैसे थकवले तर वसुलीचा रस्ताही नाही. आधी ते करा. जमीन अजून बिल्डरच्या नावावर असेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरच्या सहीवाचून जमीन संस्थेच्या नावावर करून घेण्याचा अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करता येतो. दुरुस्ती त्यासाठी थांबवू नका, पण फाइल चालू करून ठेवा.

महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागातून मंजूर नकाशाची प्रत काढा. स्ट्रक्चरल ड्रॉइंग मिळालं तर नशीब. आम्हाला मिळालं नाही.

ऑडिट: हातोडीचा आवाज आणि गुलाबी रंग

आदर्श उपविधी सांगतात की १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी व्हावं. ३० वर्षं झालेल्या इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घेण्याची जबाबदारी महानगरपालिका कायद्यानेही मालक-रहिवाशांवर टाकली आहे. नियम जाऊ द्या, ऑडिटशिवाय ठेकेदार बोलावला तर तो जे विकतो तेच तुमच्या इमारतीला लागतं.

एक गोष्ट गाठ मारून ठेवा: ऑडिट करणारा इंजिनिअर आणि काम करणारा ठेकेदार वेगळे हवेत, आणि इंजिनिअरची फी सोसायटीने द्यायची. "ऑडिट फ्री करून देतो" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

चांगला इंजिनिअर आधी हातोडीने टकटक करत फिरतो. धड काँक्रीट खणखणीत वाजतं, आतून सुटलेलं बद्द वाजतं. मग रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी, म्हणजे न फोडता काँक्रीट जोखणाऱ्या चाचण्या, गरज पडली तर कोअर, म्हणजे आतून कापून काढलेला नमुना. आमच्या लोकांना पटलं ते मात्र एका साध्या चाचणीने. इंजिनिअरने पार्किंगमधल्या एका कॉलमचा आणि जिन्याखालच्या बीमचा ताजा तुकडा फोडला आणि दोन्हीवर फिनॉल्फ्थॅलिन फवारलं. कॉलम क्षणात गुलाबी झाला. बीमवर औषध पाण्यासारखं ओघळलं, रंग नाही. काँक्रीट मुळात अल्कधर्मी असतं आणि त्यामुळे आतली सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरतो आणि तो गुण मारतो. मग ओल लागली की सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि वरचं काँक्रीट ढकलून पाडतो. बीमखाली गोळा झालेले चौदा-पंधराजण तो रंगहीन डाग बघत होते. त्या दिवसानंतर 'रंग मारून घेऊ' कुणी म्हणालं नाही.

भेगांबद्दल थोडं. आमच्याकडे प्रत्येक भेगेचा जन्म किल्लारीच्या भूकंपात झालेला असतो, ३० सप्टेंबर १९९३ ला. काही खरंच तेव्हाच्या असतील. पण बीम आणि विटेच्या भिंतीच्या सांध्यातली सरळ आडवी भेग बहुतेक वेळा उन्हाने होते. दोन्ही वस्तू वेगवेगळ्या प्रमाणात तापतात, फुगतात. कोपऱ्यातून तिरकी जाणारी भेग दिसली तर पाया बघा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि जोत्याशेजारी गटार गळत असेल तर एकाच बाजूला फुगते. भेग जिवंत आहे की मेलेली, हे कळायला तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलची आडवी रेघ ओढा, बाजूला तारीख लिहा. सहा महिन्यांनी टोक रेघेपुढे गेलं का बघा. भेगेवर काचेची पट्टी चिकटवली तर आणखी बरं, हालचाल झाली की काच तडकते.

रिपोर्ट आला की त्याचे तीन ढीग करायला सांगा: लगेच, वर्षाच्या आत, आणि पाच वर्षांत. हे न करता चाळीस पानांचा रिपोर्ट सभेत मांडला तर लोक घाबरून उठून जातात.

पैसे आणि ते कुणाकडून

समजा काम २१ लाखांचं आहे आणि निधीत ४ लाख २० हजार आहेत. उरले १६ लाख ८० हजार. २४ फ्लॅट सारखे धरले तर प्रत्येकी ७० हजार, म्हणजे ५ हजारांचे १४ हप्ते. हा आकडा एकदम सांगितला तर मीटिंग मोडते, हप्त्यात सांगितला तर चर्चा होते. बंद पाकिटातले आकडे इथे उपयोगी येतात. कुणाचंही नाव न घेता तुम्हाला माहीत असतं की पाच घरांना दोन हजारांपुढे झेपत नाही. त्यांना जास्त महिने द्या. ज्यांना झेपतं त्यांच्याकडून आगाऊ घ्या आणि शेवटच्या हप्त्यात वळते करा. हे ठरावात लिहा. तोंडी राहिलं की दोन वर्षांनी त्याचं भांडण होतं.

अंदाजावर दहा-पंधरा टक्के वेगळे ठेवा. प्लास्टर फोडल्याशिवाय आतलं कळत नाही आणि जुन्या इमारतीत आत नेहमी काहीतरी निघतं.

कुठला खर्च कुणाचा, हे आधीच मांडा. गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप, ड्रेनेज, सांगाडा हे सोसायटीचं. माझ्या बाथरूमची फरशी झिरपून खालच्याचं छत गळत असेल तर ते माझं. वाद असेल तर त्यावर स्वस्त उपाय आहे. वरच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये खाण्याचा रंग टाका, तासभर पाणी सोडा. खाली रंगीत थेंब आला की वाद संपला. आमच्याकडे दोन वर्षांचा अबोला होळीच्या लाल रंगाने मिटला.

कधी काय

इथे पुण्या-मुंबईचं वेळापत्रक चालत नाही. सोलापूरचा पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरमध्ये येतो. मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकला असताना केलेलं प्लास्टर पाणी पिऊन होण्याआधीच भाजून निघतं. म्हणून सांगाड्याची दुरुस्ती नोव्हेंबर ते जानेवारी, प्लंबिंग त्याच्या बरोबरीने, गच्ची फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि रंग एप्रिलच्या आत किंवा थेट पुढच्या दिवाळीनंतर. गच्चीची खरी परीक्षा सप्टेंबरातच होते, त्यामुळे ठेकेदाराच्या बिलातून राखून ठेवलेली रक्कम ऑक्टोबरपर्यंत सोडू नका.

सुरुवात पाण्यापासून

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, ते कुणाला सांगायला नको. त्याचा इमारतीवर काय परिणाम होतो, हे मात्र फारसं बोललं जात नाही. तीन-चार दिवसांचं पाणी साठवायचं म्हणून प्रत्येकाने गच्चीवर स्वतःची हजार लिटरची काळी टाकी चढवली. आमच्या गच्चीवर अशा १९ टाक्या होत्या. हजार लिटर म्हणजे एक टन आणि टाकीचा तळ जेमतेम एक चौरस मीटर. वावरण्याच्या गच्चीचा स्लॅब साधारण चौरस मीटरला दीडशे किलो वापरभाराच्या हिशेबाने बांधलेला असतो. आम्ही त्यावर सहापटीहून जास्त वजन ठेवलं होतं आणि खालचे लोक 'स्लॅबला पोक आलंय' म्हणत होते. त्यात १९ टाक्यांचे १९ पाइप, १९ व्हॉल्व्ह, आणि पाणी आलं त्या रात्री दोन-तीन टाक्या तरी ओसंडून कोब्यावर (गच्चीच्या विटा-सिमेंटच्या थरावर) वाहणार.

उपाय नवा नाही. जमिनीखाली मोठा हौद, वर कॉलम-बीमच्या ओळीवर इंजिनिअरने दाखवलेल्या जागी एक किंवा दोन सामाईक टाक्या. हौद पायापासून आणि ड्रेनेजच्या लाइनपासून लांब घ्या. 'माझी टाकी' सोडायला लोक तयार नसतात, आणि त्यांचं चूक नाही. सामाईक टाकीतलं पाणी पहिल्या मजल्यावरचे संपवतात असा त्यांचा अनुभव असतो. आमच्याकडे तोडगा निघाला तो प्रत्येक फ्लॅटला पाण्याचा मीटर बसवून. मीटर लागला आणि तीन महिन्यांत तिघांनी गळके फ्लश स्वतःहून बदलले.

जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपात बोअरच्या जड पाण्याचा खडा बसतो. आम्ही कापलेल्या एका इंची पाइपात करंगळी जात नव्हती. अशा पाइपांना ठिगळं लावू नका, डक्टमधली पूर्ण उभी लाइन सीपीव्हीसीच्या प्लास्टिक पाइपाने बदला, प्रत्येक मजल्यावर व्हॉल्व्ह द्या आणि लाइन भिंतीत न गाडता बाहेरून, क्लॅम्पवर घ्या. त्याच वेळी डक्ट उघडा असतो, तर बाथरूमचं सांडपाणी संडासाच्या लाइनपासून वेगळं करून घ्या. ते पाणी झाडांना आणि पार्किंग धुवायला चालतं. नंतर हे करायचं म्हटलं तर पुन्हा परांची, पुन्हा फोडाफोड.

पावसाचं पाणी: ३,००० चौरस फुटांची गच्ची म्हणजे साधारण २८० चौरस मीटर. ५४५ मिलिमीटर पावसातला ८० टक्के हाती लागला तरी वर्षाला सुमारे १ लाख २० हजार लिटर. १० हजार लिटरचे बारा टँकर! पहिल्या पावसाची धूळ वाहून जाऊ द्यायची, मग गाळणीतून हौदात किंवा बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात. गच्चीवरचं स्वच्छ पाणीच बोअरकडे सोडा, पार्किंगमधलं तेलकट पाणी नको.

गच्ची

आमच्या गच्चीवर कोब्याचे तीन थर निघाले. दर आठ-दहा वर्षांनी कुणीतरी ठेकेदार आला, जुन्यावर नवा थर ओतला, दहा वर्षांची गॅरंटी तोंडी दिली आणि गेला. चार इंची विटेच्या कोब्याचं वजन चौरस मीटरला पावणेदोनशे-दोनशे किलो भरतं. तीन थर म्हणजे काय, ते टाक्यांच्या हिशेबात मिळवा. आणि पाणी दोन थरांच्या मधे अडकून बसतं, ते वेगळंच.

म्हणून पहिलं काम उतरवणं. मूळ स्लॅब दिसेपर्यंत सगळं काढा, मजुरांना लहान छिन्नीने काढायला सांगा, ब्रेकर नको. मग भेगा भरणं, उतार पुन्हा घेणं, कठड्याच्या कडेने वाटा (कठडा आणि गच्चीच्या सांध्यातला गोलावा) नीट गोल मारणं, आणि पावसाच्या पाइपांची तोंडं. गळती शंभरात नव्वद वेळा मधल्या सपाट भागातून होत नाही, ती वाट्यातून किंवा पाइपाच्या तोंडातून होते, हा माझा अनुभव. वॉटरप्रूफिंगचं औषध कुठल्या कंपनीचं, यावर मीटिंगमध्ये दोन तास गेले. त्यातली दहा मिनिटं जरी उताराला दिली असती तर बरं झालं असतं. थर झाल्यावर पाइप बुजवून गच्चीवर दोन-तीन इंच पाणी दोन दिवस उभं करा आणि खालच्या घरांत छताकडे बघत बसा. या पाण्यासाठी टँकर मागवावा लागला तरी मागवा, पण स्लॅबला एवढं पाणी पेलतं का, हे इंजिनिअरला आधी विचारून.

वरचा थर पांढरा घ्या. चायना मोझॅक किंवा ऊन परतवणारा पांढरा लेप. आपल्या जिल्ह्यातल्या माळवदाच्या घरात चैत्रातही दुपारी झोप लागायची, कारण लाकडावर पांढऱ्या मातीचा जाड थर होता. काँक्रीटचा उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री दोनपर्यंत खोलीत ओततो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या लोकांनी पांढऱ्या गच्चीचा पहिला उन्हाळा काढला आणि त्यांच्या हप्त्याची तक्रार बंद झाली. लेप दर काही वर्षांनी पुन्हा मारावा लागतो आणि धुळीने काळवंडतो, उन्हाळ्याच्या तोंडावर झाडून-पुसून घ्यावा लागतो. हे विकणारा सांगत नाही.

बीम, कॉलम आणि सोलापुरी चादर

इथे इंजिनिअर सांगेल तेच. तुम्ही एवढंच बघायचं: सुटलेलं काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढलं का, सळई तारेच्या ब्रशने चकचकीत केली का, फार झिजलेल्या सळईला नवी जोड दिली का, गंजरोधक लेप मारून वाळू दिला का, जुन्या-नव्याला धरणारं बाँडिंगचं औषध लावलं का, आणि मग पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रोकाँक्रीट (दुरुस्तीचे तयार मसाले) भरलं का. प्रत्येक टप्प्याचा फोटो, जागेचा नंबर खडूने लिहून. झाकल्यावर काहीच दिसत नाही आणि सगळी लबाडी झाकल्यावरच होते. बीम-कॉलमचं काम सुरू करण्याआधी खालून टेकू दिलेत का, हेही बघा.

पाणी तपासून घ्या. सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असं भारतीय मानक सांगतं. आपल्याकडची काही बोअरं चांगलीच खारी आहेत. तीस वर्षांपूर्वी तेच पाणी वापरून सळया गंजल्या असतील, तर दुरुस्तीतही तेच ओतण्यात काय अर्थ? बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत द्यायला फारसा खर्च येत नाही.

पाणी मारण्यावरून आमची ठेकेदाराशी रोज कुरबुर व्हायची. मजूर सकाळी एक बादली उडवायचे, बारापर्यंत कॉलम कोरडा. तळमजल्यावर एक आजोबा राहतात, पूर्वी लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये जॉबर (मजुरांवरचे मुकादम) होते. त्यांनी घरोघरच्या विरलेल्या सोलापुरी चादरी गोळा केल्या, भिजवल्या, कॉलमला गुंडाळून सुतळीने बांधल्या. गोणपाट दोन तासांत वाळायचं, चादर संध्याकाळपर्यंत ओली राहायची. सात दिवस सकाळ-दुपार-संध्याकाळ चादरींवर पाणी घातलं. कॉलमला पाणी घालण्याची पाळी मुलांनी आपसात वाटून घेतली होती. पार्किंगमध्ये रांगेने चादरी पांघरून उभे असलेले कॉलम बघून येणारे-जाणारे हसायचे.

ठेकेदाराशी व्यवहार

ठोक रक्कम ठरवू नका. दर बाबनिहाय घ्या: प्लास्टर चौरस मीटरला, पाइप रनिंग मीटरला, मॉर्टर किलोला. मोजमाप इंजिनिअर आणि सोसायटीचे दोघं मिळून घेतील, वहीत तिघांच्या सह्या. प्रत्येक बिलातून पाच ते दहा टक्के राखून ठेवा. वॉटरप्रूफिंगची हमी स्टॅम्प पेपरवर, त्यात गळती झाल्यास किती दिवसांत येणार हेही लिहा.

रिकाम्या पिशव्या मोजण्याचं काम दुसऱ्या मजल्यावरच्या एका निवृत्त शिक्षिकेने घेतलं. मॉर्टरची प्रत्येक रिकामी पिशवी त्यांच्या बाल्कनीखाली जमा व्हायची, त्या पाठीमागे तारीख टाकायच्या. तिसऱ्या आठवड्यात बिलात ६२ पिशव्या आणि बाल्कनीखाली ४७. आवाज न चढवता त्यांनी ठेकेदाराला पिशव्यांसमोर उभं केलं. बिल दुरुस्त होऊन आलं, आणि गंमत म्हणजे काम पण सुधारलं.

हिशेब दर रविवारी जिन्यात लावायचा. जमा, खर्च, कुणाचा हप्ता आला. थकलेल्यांची नावं लावावीत की नाही यावर आमच्यात दोन मतं होती. आम्ही लावली नाहीत. मी स्वतः संध्याकाळी जाऊन बोललो. वेळ गेला, पण एकही प्रकरण उपनिबंधकांकडे न्यावं लागलं नाही.

वीज

गच्ची पक्की झाल्यावरच सोलर. आधी सोलर आणि मग वॉटरप्रूफिंग केलं तर पॅनेल काढून पुन्हा लावण्याचा खर्च अंगावर येतो. पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८ हजार रुपये अनुदान आहे. ५ किलोवॅटला साधारण ५०० चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी २० युनिट मिळतात. पंप, जिन्यातले दिवे आणि बोअरला ते पुरतं, उरलेलं नेट मीटरिंगने महावितरणच्या बिलातून वजा होतं. स्टँड बसवताना गच्चीला भोक पाडू देऊ नका, काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभा करायला सांगा आणि त्या वजनालाही इंजिनिअरची मान्यता घ्या.

घरातल्यासाठी एकच सल्ला: पंखे बदला. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) ३० च्या. दिवसाला १२ तास, वर्षातले आठ महिने धरले तर एका पंख्यामागे सुमारे १३० युनिट वाचतात. २४ घरांनी मिळून ऑर्डर दिली तर दुकानदार भावही सोडतो. सोलर वॉटर हीटर घ्यायचा असेल तर नळ्या जड पाण्याने भरतात हे लक्षात ठेवून महापालिकेचं पाणी जोडा, बोअरचं नको. पश्चिमेच्या खिडक्यांना छज्जा किंवा बांबूची चिक, एवढ्यानेही दुपार सुसह्य होते.

राडारोडा आणि रंग

निघालेली शहाबादी फरशी टाकू नका. धुऊन, पालथी करून आम्ही ती पार्किंगच्या कडेला आणि जोत्याभोवती बसवली. पावसाचं पाणी पायाशी मुरायचं थांबलं. ग्रिल आणि जीआय पाइप भंगारात विकून आलेले पैसे निधीत. विटेचा चुरा शोषखड्ड्याच्या तळाला. उरलेला राडारोडा ट्रॅक्टरवाल्याने नाल्यात ओतू नये म्हणून तो कुठे जातो हे एकदा मागे जाऊन बघा.

मग रंग. फिकट, आणि आतली वाफ बाहेर जाऊ देणारा.

नंतर

एक फाइल करा: नकाशा, ऑडिट, फोटो, हमीपत्रं, पाइपांचा हाताने काढलेला आराखडा. सेक्रेटरी बदलला की ती सही करून पुढे द्या. वर्षातून दोनदा गच्चीवर चक्कर: मे अखेरीला पाइपांची तोंडं साफ करायला, आणि सप्टेंबरच्या मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी, पाणी कुठे साचलंय ते खडूने आखायला. तेव्हाच कठड्याच्या बाहेरच्या बाजूला, ड्रेनेज पाइपाच्या सांध्यात वाकून बघा. पिंपळाचं नाहीतर उंबराचं रोप तिथेच येतं. बोटभर असताना आणि भिंत ओली असताना ते मुळासकट निघतं. पुढच्या दिवाळीपर्यंत ठेवलं तर प्लास्टर फोडून काढावं लागतं.